बडोद्याला बिऱ्हाड हलवताना: आधी इयत्ता, मग शाळा, घर शेवटी

बदलीची ऑर्डर हातात पडली की बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो दलालाला. २०१८ साली नाशिकहून निघताना आम्हीही तेच केलं. कारखान्यापासून फार लांब नाही, भाडं परवडणारं, आणि तळमजला असल्यानं सामान चढवायला सोपं, असं घर धरलं आणि मग त्या घराच्या आसपास शाळा शोधत फिरलो. मुलगी तेव्हा नववीत जाणार होती, मुलगा पाचवीत. पुढची दोन वर्षं मुलीची वर्धीची, म्हणजे शाळेच्या ने-आणीची, रिक्षा शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि विश्वामित्री नदीचं पाणी घरात कमरेपर्यंत आलं. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिची वह्या-पुस्तकं आम्ही गच्चीवर वाळत घातली होती.

म्हणून आता ओळखीतलं कुणी बडोद्याला येतंय कळलं, की मी त्यांना उलट्या टोकापासून सुरुवात करायला सांगते. मुलाची इयत्ता कोणती ते बघा, त्यावरून बोर्ड आणि शाळा ठरवा, शाळेवरून शहराचा भाग निवडा, आणि घर सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. तो मुख्यतः सातवी ते बारावीच्या मुलांच्या आईबाबांसाठी आहे, कारण चुकलं तर सर्वांत महाग पडतं ते याच वयात.

पायरी १: कोणत्या इयत्तेत हलवायचं

सोयीची वेळ दोनदाच येते: नववी सुरू होण्याआधी आणि दहावीचा निकाल लागल्यावर. सीबीएसईत नववीत आणि अकरावीत मुलाची बोर्डाकडे नोंदणी होते. नववी एका शाळेत आणि दहावी दुसऱ्या शाळेत करायची, तर पालकांच्या बदलीचा पुरावा जोडून बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते, आणि तेही सीबीएसईतून सीबीएसईत जात असाल तर. महाराष्ट्र बोर्डात नववी करून थेट सीबीएसईच्या दहावीत जाता येत नाही असंच धरून चाला. बारावीचंही तसंच आहे. मुलगा दहावीत किंवा बारावीत असेल, तर नोकरी करणाऱ्यानं एक वर्ष एकट्यानं पुढे जावं आणि बाकीच्यांनी परीक्षेनंतर यावं. हे मी अनुभवानं आणि ठाम सांगते.

याहून मोठा प्रश्न बारावीनंतरचा आहे, आणि तो सामान बांधायच्या आधी सोडवायचा असतो. राज्याच्या कोट्यातल्या जागांचे नियम इथं आड येतात.

आधी मेडिकल. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात आणि त्या कुठल्याही राज्यातल्या मुलाला खुल्या असतात. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायला महाराष्ट्राचं डोमिसाइल, म्हणजे अधिवासाचा दाखला, तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. सरकारी नोकरीतून राज्याबाहेर बदली झालेल्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. गुजरातच्या ८५ टक्क्यांसाठी शिक्षण गुजरातेतलं हवं, आणि मुलाचा जन्म गुजरातेतला नसेल तर गुजरातचं डोमिसाइल हवं. ते साधारण १० वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळतं.

आता दहावी पुण्यात करून अकरावीला बडोद्यात आलेल्या मुलीचं बघा. बारावी महाराष्ट्रातली नाही म्हणून तिकडचं दार बंद. डोमिसाइल नाही म्हणून इकडचं बंद. हाती उरतात त्या अखिल भारतीय कोट्याच्या जागा आणि भरमसाट फीची खासगी कॉलेजं. मुलगी मनापासून नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करत असेल, तर तिची अकरावी-बारावी महाराष्ट्रातच होऊ द्या. आजीकडे ठेवा, मावशीकडे ठेवा, आईनं दोन वर्षं मागे राहावं, पण हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्या. प्रवेश समित्या दरवर्षी माहितीपुस्तिका काढतात. दोन्ही राज्यांच्या पुस्तिकांतला पात्रतेचा भाग स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या तोंडी शब्दावर राहू नका.

इंजिनिअरिंगचं इतकं अवघड नाही. गुजरातेतल्या शाळेतून बारावी झाली की गुजरातच्या प्रवेशप्रक्रियेत राज्यातला विद्यार्थी म्हणून बसता येतं, मग बोर्ड गुजरातचं असो की सीबीएसई. त्यासाठी गुजकेट ही परीक्षा असते. महाराष्ट्रात परतायचं झालं, तर तिकडे एक तरतूद आहे: मुलाचं स्वतःचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असलं, तर बारावी बाहेरची असूनही एमएचटी-सीईटी देऊन राज्याच्या जागांवर दावा सांगता येतो. म्हणून निघण्यापूर्वी आईबाबांनी आपापली डोमिसाइल प्रमाणपत्रं काढून घ्यावीत. बडोद्यात बसून ती काढायची म्हणजे तहसील कार्यालयाच्या फेऱ्या होतात. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत मात्र गृहराज्य ठरतं बारावी कुठून झाली त्यावर. बडोद्यात बारावी केलेल्या मुलाला सुरतची एनआयटी घरची, आणि नागपूरची व्हीएनआयटी परराज्यातली.

जातीच्या दाखल्याचंही इथंच बघून घ्या. महाराष्ट्रातला दाखला गुजरात राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. केंद्राच्या संस्थांसाठी तो मूळ राज्याच्या आधारावर चालतो, मात्र ओबीसी असाल तर तुमची जात केंद्राच्या यादीत असायला हवी.

पायरी २: बोर्ड आणि भाषा

पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल तर सीबीएसई घ्या, त्यात वाद नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर आधी केंद्रीय विद्यालयात चौकशी करा. फतेगंजच्या ईएमई या लष्करी परिसरात आणि मकरपुऱ्याच्या हवाई दलाच्या परिसरात ती आहेत. बडोद्यात कायमचं राहायचं असेल तर गुजरात बोर्डाची इंग्रजी माध्यमाची शाळा मला जास्त शहाणपणाची वाटते. अकरावी-बारावी विज्ञानाला तिथंही सीबीएसईसारखी एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, त्यामुळे नीट-जेईईच्या दृष्टीनं ‘गुजरात बोर्ड म्हणजे मागे पडणं’ ही भीती खरी नाही. फीत मोठा फरक पडतो, आणि मूल इथल्या मातीत रुजतं.

अकरावी विज्ञानाला इथं ‘ए ग्रूप’ म्हणजे गणित आणि ‘बी ग्रूप’ म्हणजे जीवशास्त्र असं म्हणतात. दहावीला गणित बेसिक आणि स्टँडर्ड असं दोन प्रकारचं असतं, सीबीएसईतही आणि गुजरात बोर्डातही. ज्याला पुढे गणित घ्यायचंय त्यानं स्टँडर्डच घ्यावं. नववीत दमलेलं मूल बघून शाळा कधीकधी बेसिक सुचवते. तेव्हा सही करण्याआधी दोन दिवस थांबा.

मराठी माध्यमाची आशा कितपत धरावी? सयाजीरावांच्या या गावात मराठी शाळांची परंपरा जुनी आहे. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीनं मराठी माध्यमाच्या शाळाही चालवल्या आहेत. पण नववीच्या पुढे मराठी माध्यमातून विज्ञान शिकवायचं म्हटलं तर हाती फार काही लागत नाही. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलासाठी इंग्रजी माध्यम हाच व्यवहार्य रस्ता आहे, आणि त्यासाठी आधीच्या उन्हाळ्यात गणित-विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा घोटून घ्याव्या लागतात. आम्ही भिंतीवर तक्ता लावला होता: लसावि-मसावि, अपवर्तन, प्रकाशसंश्लेषण, आणि समोर इंग्रजी शब्द देवनागरीत.

गुजराती टाळता येणार नाही. २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी सर्व बोर्डांच्या शाळांत गुजराती सक्तीची आहे. परराज्यातून आलेल्या मुलांसाठी पालकांनी लेखी अर्ज केल्यास सवलतीची तरतूद आहे, पण ती घेऊ नका असं मी आग्रहानं सांगेन. मराठी मुलाला गुजराती जड जात नाही. दोन्ही भाषांत लिंगं तीन. लिपीत वरची रेघ नाही आणि ख, ज, झ, फ, अ, इ अशी थोडीच अक्षरं वेगळी दिसतात. आमच्या मुलानं दिवाळीपर्यंत वाचायला सुरुवात केली, आणि मैदानावर त्याला कुणी ‘नवो छोकरो’ म्हणायचं बंद झालं. नववीत येणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा: शाळा दुसरी भाषा म्हणून काय-काय देते, हिंदी किंवा संस्कृत घेता येतं का, ते प्रवेशाआधी विचारा.

पायरी ३: शाळेत जाऊन काय बघायचं

तीन शाळा निवडा आणि तिन्हींत प्रत्यक्ष जा, शक्यतो मुलाला घेऊन. शाळा ‘ग्रांटेड’ आहे की ‘स्वनिर्भर’, हे आधी विचारा. ग्रांटेड म्हणजे अनुदानित, फी नाममात्र. स्वनिर्भर शाळांची फी २०१७ च्या कायद्यानुसार फी नियमन समितीच्या देखरेखीखाली येते. त्या समितीला सगळे ‘एफआरसी’ म्हणतात आणि वडोदरा झोनसाठी ती वेगळी आहे. शाळेकडे एफआरसीचा आदेश मागा आणि सांगितलेली फी त्याच्याशी ताडून बघा. मागताना संकोच वाटू देऊ नका. सरळ दाखवणारी शाळा आणि ‘नंतर या’ म्हणणारी शाळा यांतला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

मग पाळी. इथल्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात, एक भल्या सकाळची आणि एक दुपारची. प्राथमिक एका पाळीत आणि माध्यमिक दुसरीत असेल तर दोन भावंडं एकाच शाळेत असूनही घरात एकमेकांना भेटत नाहीत, आणि आईचे डबे दोन वेळा. आमचं दोन वर्षं असंच चाललं.

शाळेत अकरावी-बारावी विज्ञान आहे का, आणि गेल्या वर्षीच्या दहावीतली किती मुलं तिथंच पुढे थांबली, हे विचारा. निकालाच्या फलकावरच्या टक्केवारीपेक्षा मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मुलं थांबत नसतील तर पालकांना काहीतरी ठाऊक आहे. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. टेबलांवर धूळ आहे की आम्लाचे डाग, ते बघा. आणि ‘हजेरीची काळजी करू नका, मूल क्लासला जाऊ द्या’ असं कुणी सुचवलं तर उठून या. सीबीएसईत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि डमी प्रवेशांवर बोर्ड कारवाई करतं. त्यात भरडलं जातं ते मूलच.

शाळेच्या दारात उभ्या असलेल्या वर्धीवाल्या काकांशी पाच मिनिटं बोला. मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षा-व्हॅनला इथं वर्धी म्हणतात. कोणत्या भागातून किती मुलं येतात, पावसात कोणता रस्ता बंद होतो, शाळा किती वाजता खरंच सुटते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. रिक्षात किती मुलं कोंबतात तेही तिथंच दिसतं.

पायरी ४: भाग निवडणं, म्हणजे नदी आणि रूळ समजून घेणं

बडोद्याच्या नकाशावर दोन रेषा ओढा: उत्तर-दक्षिण जाणारे रेल्वेचे रूळ आणि वळणं घेत जाणारी विश्वामित्री. तुमची शाळा, घर आणि नोकरी या तिन्हींच्या मधून या रेषा जितक्या कमी वेळा ओलांडाव्या लागतील, तितकं आयुष्य सुखाचं. रुळांखालचे बोगदे, ज्यांना इथं गरनाळं म्हणतात, पहिल्या जोरदार पावसात तुंबतात. अलकापुरीचं गरनाळं बंद झालं की शहराचा पूर्व-पश्चिम संबंध दोन-चार पुलांवर येऊन ठेपतो आणि शाळेची व्हॅन दीड तास अडकते.

कामाची जागा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, असेल तर मांजलपूर, तरसाली, मकरपुरा हे दक्षिणेचे भाग. मांजलपुरात मराठी कुटुंबंही बरीच आहेत. वाघोडिया किंवा हालोलकडे जायचं असेल तर वाघोडिया रोड, आजवा रोड. सावलीकडे जायचं तर समा-सावली रोड, हरणी. रिफायनरी आणि रासायनिक कारखान्यांचा पट्टा वायव्येला आहे. गोरवा, सुभानपुरा, गोत्री तिकडे जायला सोयीचे, पण घर घेण्यापूर्वी त्या बाजूला हिवाळ्यातल्या पहाटे एकदा उभं राहून श्वास घ्या. घरात दम्याचं मूल असेल तर हे टाळू नका. पश्चिमेला जुना पादरा रोड आणि त्यापुढे वासणा-भायली. नव्या मोठ्या शाळा आणि नवे फ्लॅट तिकडेच. भायली, सेवासी, बिल ही गावं २०२० मध्ये महापालिकेत आली, त्यामुळे तिथं इमारत चकचकीत असली तरी पाणी नळाचं की बोअरचं की टँकरचं, हे शेजाऱ्याला विचारा. बिल्डरला नको.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी हे जुने मराठी भाग. घर जुनं, पार्किंग नाही, पण म्हातारे सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांच्यासाठी याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. देवळात, भाजीवाल्याकडे, दवाखान्यात मराठी बोललं जातं. आमच्या सासूबाईंना मांजलपुरात करमेना. त्या शेवटी रावपुऱ्यातल्या भजनी मंडळात रमल्या.

आता नदी. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून येते. शहरात ऊन असलं तरी वर पाऊस झाला आणि आजवा सरोवर भरून वाहू लागलं, की दुसऱ्या दिवशी पाणी चढतं. काळा घोडा पुलापाशी तिची पातळी मोजतात; धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्याही वर गेली होती आणि ज्यांच्या घरात २०१९ ला पाणी आलं नव्हतं अशांच्याही घरात शिरलं. समा, फतेगंज, कारेलीबागचा काही भाग, अकोट्याची नदीकाठची बाजू, मुजमहुडा, वडसर, कलाली इथं घर बघताना गल्लीगल्लीचा फरक असतो. म्हणून ‘हा भाग पुराचा आहे का’ असं विचारू नका. सोसायटीच्या चौकीदाराला विचारा, ‘२०२४ मां पाणी क्यां सुधी आव्युं’तुं?’ तो हातानं भिंतीवर खूण दाखवेल. लिफ्टच्या मशीनवरचा गंज, मीटरच्या पेट्या उंच सरकवल्यात का, तळमजल्याच्या भिंतीचा रंग खालून किती उंचीपर्यंत नवा आहे, हेही बोलतं. पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारात येतात, ही अफवा नाही. नदीजवळ राहायचंच असेल तर निदान दुसरा मजला घ्या, आणि गाडी ठेवायला उंचावरची जागा आधी हेरून ठेवा.

पायरी ५: घर

इथं ‘टेनामेंट’ म्हणजे जोडघर किंवा रांगेतलं बैठं घर. शब्द ऐकून बिचकू नका. पहिले ११ महिने भाड्यानंच राहा. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद घरमालकाकडून करून घ्या. करार आणि वीजबिल शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून लागतात.

आणखी एक गोष्ट मोकळेपणानं बोलून घ्या. बऱ्याच सोसायट्यांत मासे-मटण शिजवलेलं चालत नाही. तुमच्या घरी रविवारी सुरमई होत असेल तर करारापूर्वी सांगा. लपवून राहिलं की शेजाऱ्यांशी नातं बिघडतं आणि मुलांना त्याचा त्रास होतो. जिथं चालतं अशा सोसायट्याही आहेत, फक्त शोधायला आठवडाभर जास्त लागतो.

पायरी ६: कागद

शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला इथं नुसतं एलसी म्हणतात, जुन्या शाळेतून घेतल्यावर त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. परराज्यात ती मागतात. जुन्या शाळेनं यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या देशभरच्या ऑनलाइन नोंदीत, मुलाचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं का, हे निघायच्या दिवशी स्वतः बघा. आमच्या वेळी ही पद्धत नव्हती, पण गेल्या वर्षी आलेल्या एका कुटुंबाचं मूल दोन महिने ऑनलाइन नोंदीशिवाय बसलं, कारण जुन्या शाळेतला क्लार्क सुट्टीवर होता. दहावीनंतर येत असाल तर महाराष्ट्र बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र. आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर-अक्षर सारखं हवं. गुजरातेत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, तेव्हा फॉर्म भरताना क्लार्कला सवयीनं बदलू देऊ नका. बारावीच्या गुणपत्रिकेवर ते तसंच उमटतं.

वेळापत्रक

सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, गुजरात बोर्डाच्या जूनमध्ये. म्हणजे सीबीएसई घ्यायचं असेल तर चौकशी आधीच्या दिवाळीत आणि फॉर्म डिसेंबर-जानेवारीत. शाळा बघायला दिवाळीच्या सुट्टीत येऊ नका, इथं २१ दिवस शाळा बंद असतात. तीन-चार आठवडे आधी या. नवरात्र चालू असलं तर मुलांना गरबा बघू द्या, शहर त्यांना आवडेल. घर बघायला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, छत्री घेऊन या. सकाळी शाळेच्या वेळेला दुचाकीवरून घर ते शाळा एकदा जाऊन बघा.

आणि येताना मुलांची मराठी पुस्तकं टाकून येऊ नका, पण सगळी आणायचीही गरज नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जे सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलं, मराठीचा मोठा विभाग आहे. सदस्य होण्याचा फॉर्म पहिल्या महिन्यातच भरा. त्यालाही पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून वीजबिलाची एक प्रत जास्तीची काढून ठेवा.